चेकर्स किती अवघड? चिनूकच्या १८ वर्षांचा अभ्यास

१९९० साल. कॅनडातल्या एडमंटन शहरात चेकर्सचा एक प्रदर्शनी सामना चालू होता. एका बाजूला मॅरियन टिन्सली. पेशाने गणिताचे प्राध्यापक, आणि चेकर्समध्ये त्यांच्या तोडीचा खेळाडू झालाच नाही असं जाणकार आजही म्हणतात. दुसऱ्या बाजूला चिनूक नावाचा प्रोग्रॅम आणि त्याचे जनक जोनाथन शेफर. एका डावात चिनूकने दहावी चाल केली आणि टिन्सली म्हणाले, याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल. प्रोग्रॅमच्या हिशेबात तेव्हा काहीही बिघडलेलं नव्हतं. आणखी २६ चाली झाल्या आणि चिनूकला डाव सोडावा लागला. नंतर शेफर यांनी डेटाबेस घेऊन तो डाव तपासला. त्या दहाव्या चालीनंतर चिनूकला हरवण्याचा एकच रस्ता होता, टिन्सलींनी नेमका तोच धरला होता, आणि तो टोकापर्यंत दिसायला ६४ चाली पुढचं दिसावं लागत होतं.

चेकर्स म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना पोरांचा खेळ वाटतो. बुद्धिबळाचे मोहरे हरवले की त्याच पटावर गोल सोंगट्या मांडून खेळायचा. ८ बाय ८ चा पट, त्यातली फक्त ३२ काळी घरं वापरायची, दोघांकडे १२-१२ सोंगट्या. सोंगटी तिरकी आणि पुढेच सरकते. समोरच्या सोंगटीवरून उडी मारून ती उचलायची, आणि मारता येत असेल तर मारावंच लागतं. शेवटच्या ओळीत पोहोचली की सोंगटीचा राजा होतो, मग ती मागेही येऊ शकते. नियम संपले.

'कॉम्प्युटरला कोणता खेळ जास्त अवघड?' हा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेलं असतं. चेकर्सपेक्षा बुद्धिबळ अवघड, बुद्धिबळापेक्षा गो (काळ्या-पांढऱ्या खड्यांनी खेळायचा पूर्व आशियातला खेळ), आणि पुरावा म्हणून एकावर किती शून्यं याचा आकडा. ते आकडे खरे आहेत. पण एका आकड्याने खेळाची अवघडाई मोजता येत नाही, हे चिनूकच्या प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे मला दिसलेलं नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

मोजायचं म्हणजे काय मोजायचं

सोप्यापासून सुरुवात करू. फुल्ली-गोळा सगळ्यांनी खेळलेला असतो. नऊ घरं. नियमाने पटावर येऊ शकतील अशा मांडण्या ५,४७८. पट फिरवला किंवा आरशात पाहिला तर ज्या सारख्याच दिसतात त्या एक धरल्या, तर उरतात फक्त ७६५. ज्याला कोडिंग शिकायचं आहे त्याने या ७६५ मांडण्या एकदा हाताने नाही तरी प्रोग्रॅमने काढून पाहाव्यात. दोन वह्यांत मावतील एवढंच काम आहे. पण याच खेळात पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत वेगवेगळे डाव किती होतात? २,५५,१६८. मांडण्या पाच हजार आणि डाव अडीच लाख, कारण एकाच मांडणीला अनेक वाटांनी पोहोचता येतं.

म्हणजे पहिल्याच पायरीवर दोन मापं हातात आली. एक, मांडण्या किती. दुसरं, डावांचं झाड केवढं, म्हणजे प्रत्येक चालीला फुटणाऱ्या फांद्यांसकट सगळे डाव किती. लोक बोलताना या दोन आकड्यांची सर्रास सरमिसळ करतात. बुद्धिबळाबद्दल एकावर १२० शून्यं हा जो आकडा सांगितला जातो तो क्लॉड शॅनन यांनी १९५० साली मांडलेला, आणि तो डावांचा आहे. बुद्धिबळातल्या मांडण्या त्या मानाने फारच कमी, एकावर ४४ ते ४७ शून्यं या पट्ट्यात.

आता मांडण्यांच्या मापाने एक फेरी मारू. नवकंकरी, जो युरोपात नाइन मेन्स मॉरिस म्हणून खेळतात: साधारण हजार कोटी. राल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये झुरिकला त्याचा निकाल लावला, दोघं बिनचूक खेळले तर बरोबरी. कनेक्ट फोर, ज्यात उभ्या जाळीत चकत्या टाकून सलग चार करायच्या: ४ लाख ५३ हजार कोटींच्या वर. ऑक्टोबर १९८८ मध्ये जेम्स अ‍ॅलन आणि व्हिक्टर अ‍ॅलिस या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्र, जेमतेम पंधरा दिवसांच्या अंतराने दाखवून दिलं की पहिला खेळाडू मधल्या रांगेतून सुरू करून हमखास जिंकतो.

चेकर्स? ५ वर २० शून्यं. आपल्या जुन्या संख्यानामांत हा आकडा बसत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली यादी परार्धावर थांबते, म्हणजे एकावर १७ शून्यं. चेकर्सच्या मांडण्या पाच हजार परार्ध. एक यंत्र सेकंदाला दहा लाख मांडण्या तपासत बसलं तर त्याला दीड कोटीहून जास्त वर्षं लागतील. ऑथेल्लो, ज्यात समोरच्याच्या चकत्या कोंडीत धरून त्यांचा रंग पालटायचा, त्याच्याही वर: एकावर २८ शून्यं. मग बुद्धिबळ. आणि १९ बाय १९ च्या गोमध्ये नियमात बसणाऱ्या मांडण्या २ वर १७० शून्यं. हा आकडा जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये शेवटच्या अंकापर्यंत मोजून काढला.

या शिडीवर चेकर्स बरोबर मधल्या पायरीवर आहे. झटकन संपणार नाही एवढा मोठा, आणि आशाच सोडावी इतका मोठा नाही.

चेकर्स 'संपला' होता

शेफर स्वतः बुद्धिबळवाले. त्यांचा फिनिक्स हा प्रोग्रॅम १९८६ च्या जागतिक कॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्या स्थानासाठी बरोबरीत होता. असा माणूस १९८९ मध्ये अल्बर्टा विद्यापीठात बसून चेकर्सकडे वळला, तेव्हा या क्षेत्रातल्या बऱ्याच लोकांची समजूत होती की चेकर्समध्ये आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्या समजुतीचं मूळ आर्थर सॅम्युएल यांच्या कामात आहे. आयबीएममध्ये असताना सॅम्युएल यांनी स्वतःच्या खेळातून शिकणारा चेकर्सचा प्रोग्रॅम लिहिला. यंत्राने शिकणं या विषयातलं ते पायाभूत काम, त्याबद्दल दुमत नाही. १९६२ मध्ये त्या प्रोग्रॅमने रॉबर्ट नीली या खेळाडूविरुद्ध एक डाव जिंकला आणि बातमी अशी पसरली की चेकर्समध्ये यंत्राने माणसावर मात केली. पण १९६६ मध्ये तोच प्रोग्रॅम जगज्जेतेपदाच्या पातळीवरच्या वॉल्टर हेलमन आणि डेरेक ओल्डबरी यांच्याशी आठ डाव खेळला आणि आठही हरला. ही दुसरी बातमी पहिलीइतकी पोहोचली नाही. एका डावाच्या जोरावर एक अख्खा खेळ 'झाला' म्हणून बाजूला ठेवला गेला, आणि पुढची वीसेक वर्षं बहुतेकांचं लक्ष बुद्धिबळाकडेच राहिलं. मला हे फार चुकीचं घडलं असं वाटतं, कारण या काळात टिन्सली पूर्ण भरात होते आणि त्यांच्याशी टक्कर देऊ शकेल असं यंत्र जगात कुठेच नव्हतं.

चिनूक हे नाव रॉकी पर्वतावरून अल्बर्टाच्या मैदानावर उतरणाऱ्या उबदार वाऱ्याचं. ब्रिटनमध्ये चेकर्सला ड्राफ्ट्स म्हणतात आणि ड्राफ्ट म्हणजे वाऱ्याची झुळूक, हा त्यातला श्लेष.

आत काय चालतं

चिनूकचे चार भाग होते. पुढच्या चाली खणत जाणारा शोध, एखादी मांडणी कोणाच्या बाजूची आहे याचा अंदाज बांधणारं मूल्यमापन, ओपनिंगचं पुस्तक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार चाली, आणि एन्डगेमचा डेटाबेस, म्हणजे थोड्या सोंगट्या उरलेल्या मांडण्यांचे तयार निकाल. पहिले तीन त्या काळच्या कोणत्याही बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये होते. चौथ्याने मात्र सगळं बदललं, म्हणून तो जवळून पाहू.

पटावर एकच सोंगटी उरली आहे असं समजा. अशा मांडण्या किती? काळी साधी सोंगटी ३२ पैकी २८ घरांवर असू शकते, कारण शेवटच्या ओळीतल्या ४ घरांवर गेली की ती राजा होते. पांढरीचंही तसंच, २८. काळा राजा ३२ घरांवर, पांढरा राजा ३२ घरांवर. बेरीज १२०. या १२० मांडण्यांत विचार करायला काहीच नाही. ज्याची सोंगटी तो जिंकला.

आता दोन सोंगट्या. मांडण्या ६,९७२. एकाने दुसऱ्याची मारली की आपण आधीच्या १२० मध्ये पोहोचतो, आणि तिथला निकाल ठाऊक आहे. म्हणून जिथून लगेच मारता येतं त्या मांडण्यांवर 'जिंकली' असा शिक्का बसतो. मग एक पाऊल मागे यायचं: कोणत्या मांडण्यांतून कोणतीही चाल केली तरी समोरच्याच्या 'जिंकली'त जाऊन पडावं लागतं? त्यांच्यावर 'हरली'. पुन्हा एक पाऊल मागे. असं करत शिक्के बसायचे थांबले की जे उरलं ते बरोबरी. मग तीन सोंगट्या, २,६१,२२४ मांडण्या. मग चार, ७० लाखांच्या वर. पाच, जवळपास १५ कोटी. प्रत्येक थर खालच्या थरावर उभा. आठ सोंगट्यांपर्यंतची एकूण बेरीज ४४,३७४ कोटींच्या पुढे जाते.

यात अंदाज कुठेच नाही. डाव या डेटाबेसच्या हद्दीत आला की चिनूकला विचार करावा लागत नाही, त्याला निकाल माहीत असतो. डाव सुरू होऊन फार वेळ झालेला नसतानाच शोधाच्या काही फांद्या या हद्दीला जाऊन टेकतात, आणि मग त्या फांदीच्या टोकाला मूल्यमापनाच्या अंदाजाऐवजी पक्कं उत्तर मिळतं.

हे शक्य झालं ते चेकर्सच्या घडणीमुळे. मारलेली सोंगटी परत येत नाही, साधी सोंगटी मागे फिरत नाही, मारणं सक्तीचं आहे. डाव सतत आटत जातो, एखाद्या नदीसारखा निमुळता होतो. बुद्धिबळही आटतं, पण तिथे मोहऱ्यांचे प्रकार सहा आणि घरं ६४, त्यामुळे अशा डेटाबेसची मजल अजून सात मोहऱ्यांपर्यंतच गेली आहे. गोमध्ये तर उलटं. तिथे पट रिकामा सुरू होतो आणि भरत जातो. खालून वर बांधत यायला पायाच मिळत नाही.

लंडन आणि बॉस्टन

१९९० मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलो इथे अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा झाली. टिन्सली पहिले, चिनूक दुसरा. नियमाप्रमाणे चिनूकला जगज्जेत्याला आव्हान देण्याचा हक्क मिळाला, पण चेकर्सच्या संघटना यंत्राला जगज्जेतेपदाच्या सामन्यात उतरू द्यायला तयार नव्हत्या. तेव्हा टिन्सलींनी आपलं जगज्जेतेपदच सोडून दिलं आणि चिनूकशी खेळायचं ठरवलं. संघटनांनी मग माणूस विरुद्ध यंत्र असं वेगळं जेतेपद निर्माण केलं. साठी ओलांडलेल्या, हरण्याची सवयच नसलेल्या माणसाने हे केलं. १९५० पासून पुढच्या ४५ वर्षांत टिन्सली मोजून सात डाव हरले, त्यातले दोन चिनूककडून. इतरांशी खेळताना समोरचा पहिल्यापासून बरोबरीच्या मागे लागे. चिनूक तसं करत नसे, धाडसाच्या वाटा धरत असे, आणि टिन्सलींना ते मनापासून आवडायचं.

सामना ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनला झाला. टिन्सली ४ जिंकले, चिनूक २, आणि ३३ डाव बरोबरीत. टिन्सलींच्या त्या चार विजयांतला एक तर यंत्र मध्येच अडकल्यामुळे त्यांना मिळाला.

ऑगस्ट १९९४. बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये परतीचा सामना. चिनूकचा डेटाबेस आता बराच वाढलेला. पहिले सहाही डाव बरोबरीत सुटले. मग टिन्सलींना पोटदुखीचा त्रास होऊ लागला आणि प्रकृतीच्या कारणाने त्यांनी सामना सोडला. निदान झालं स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं. एप्रिल १९९५ मध्ये ते गेले. त्यांच्या जागी डॉन लॅफर्टी खेळले. २० डावांत एक-एक विजय आणि १८ बरोबरी. १९९५ च्या सुरुवातीला लॅफर्टींशी पुन्हा सामना झाला, त्यात चिनूकने १ जिंकला, ३१ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. माणसांविरुद्धच्या स्पर्धेत जगज्जेतेपद मिळवणारा हा कोणत्याही खेळातला पहिला प्रोग्रॅम. आयबीएमच्या डीप ब्ल्यूने बुद्धिबळाचे जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांना हरवलं ते त्यानंतर, मे १९९७ मध्ये.

पण टिन्सलींना चिनूकने सामन्यात हरवलं का? नाही. आणि आता ते कधीच होणार नव्हतं.

इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगायची आहे. 'माणसाला हरवणं' या मापात दोन बाजू असतात, यंत्र किती चांगलं आणि माणूस किती चांगला. दुसऱ्या बाजूचा विचार आपण करतच नाही. ऑथेल्लोमध्ये मांडण्या चेकर्सच्या कोट्यवधी पट, पण ऑगस्ट १९९७ मध्ये मायकल ब्युरो यांच्या लोजिस्टेलो प्रोग्रॅमने जगज्जेते ताकेशी मुराकामी यांना ६-० असं हरवलं. एकही डाव दिला नाही. ऑथेल्लोत एका चालीने अर्ध्या पटाचा रंग पालटतो, ते डोळ्यांपुढे आणणं माणसाला जड जातं. चेकर्समध्ये मात्र पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान साठलेलं, आणि त्यावर टिन्सलींसारखा जवळजवळ निर्दोष माणूस बसलेला. म्हणून मांडण्यांच्या मापाने लहान असलेला खेळ हरवण्याच्या मापाने मोठा ठरला. टिन्सलींना मागे टाकायचं तर जवळपास बिनचूक व्हावं लागत होतं, म्हणजे खेळ सोडवण्याच्या अगदी जवळ जावं लागत होतं.

वरून आणि खालून

खेळ सोडवणं हे शेफर यांचं पहिल्यापासूनचं ध्येय होतं. मधल्या काळात, १९९७ ते २००१, यंत्रांची ताकद कमी पडत असल्याने काम थांबलं. पुन्हा सुरू केलं तेव्हा आठ सोंगट्यांपर्यंतचा डेटाबेस नव्याने बांधला. पूर्वी ज्याला १९८९ ते १९९६ अशी सात वर्षं लागली होती, ते काम एका महिन्यात झालं. पुढे दहा सोंगट्यांपर्यंत मजल गेली: ३९ लाख कोटी मांडण्या, दाबून बसवल्या २३७ गिगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये सरासरी १५४ मांडण्यांचा निकाल. आजच्या साध्या लॅपटॉपच्या डिस्कवरही तो मावेल.

तरीही डाव सुरू होतो २४ सोंगट्यांनी. २४ पासून १० पर्यंतचं अंतर कसं तोडायचं? सगळ्या मांडण्या तपासणं शक्य नाही, आणि गरजही नाही. मला सिद्ध करायचं आहे की काळा हरत नाही. मग काळ्याच्या प्रत्येक पाळीला मला एकच चांगली चाल दाखवावी लागते. पांढऱ्याच्या मात्र सगळ्या चालींना उत्तर द्यावं लागतं. दर दोन चालींमागे एका चालीच्या फांद्या छाटल्या जातात. त्यामुळे काम एकूण आकड्याच्या साधारण वर्गमुळाच्या दिशेने उतरतं. मग पांढऱ्याच्या बाजूने तेच करायचं. दोघंही हरत नाहीत असं निघालं की खेळ बरोबरीचा.

कोणती फांदी आधी खणायची हे ठरवण्यासाठी जे तंत्र वापरलं, त्याचं मूळ कनेक्ट फोर सोडवणाऱ्या व्हिक्टर अ‍ॅलिस यांच्याकडे आहे. पुरावा पूर्ण व्हायला जिथे सर्वांत कमी गोष्टी सिद्ध करायच्या उरल्या आहेत तिकडे आधी वळायचं, हे त्याचं सूत्र. वरून शोध उतरत आला, खालून डेटाबेस चढत आला, आणि दोन्हींची गाठ पडली. पहिल्या तीन चालींनी तयार होणारे प्रारंभ साधारण ३००. त्यातले बरेच एकमेकांत मिसळतात, बरेच दुसऱ्याच्या निकालाने निरुपयोगी ठरतात. अखेर फक्त १९ प्रारंभांचा निकाल लावणं पुरेसं झालं. व्हाइट डॉक्टर या प्रारंभाचा निकाल २००५ मध्ये जाहीर झाला होता. शेवटचा धागा एप्रिल २००७ मध्ये जुळला आणि त्याच वर्षी 'सायन्स' मासिकात निबंध आला. सुरुवातीपासून १८ वर्षं. सरासरी ५० यंत्रं राबली, एका वेळी जास्तीत जास्त २०० च्या वर. एकूण हिशेब एकावर १४ शून्यं, म्हणजे एक कोटी कोटी. पाच हजार परार्ध मांडण्यांच्या तुलनेत हे ५० लाखांत एक. निकाल: दोघंही बिनचूक खेळले तर बरोबरी.

इतक्या लांब चाललेल्या हिशेबात एक बिट जरी उलटला तरी चूक वर वर झिरपत जाऊ शकते. डिस्क बिघडतात, फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना खराब होते. म्हणून डेटाबेसची पुन्हा पुन्हा पडताळणी हा त्या कामाचाच भाग होता. मला या प्रकल्पातलं हे सर्वांत कौतुकाचं वाटतं. १८ वर्षं यंत्रं चालू ठेवणं एक वेळ जमेल; १८ वर्षं स्वतःच्या उत्तरावर संशय घेत राहणं फार थोड्यांना जमतं.

मग तुलना कशी करायची

'सोडवला' हा शब्दही एकसारखा नाही. हेक्स या खेळात पहिला खेळाडू जिंकतो हे जॉन नॅश यांनी नुसत्या युक्तिवादाने दाखवलं: दुसऱ्याकडे जिंकण्याची युक्ती असती तर पहिल्याने तीच उचलून वापरली असती. पण ११ बाय ११ च्या पटावर ती युक्ती कोणती, ते या युक्तिवादातून कळत नाही. चेकर्समध्ये सुरुवातीपासूनचा निकाल आणि तो मिळवायची वाट, दोन्ही हातात आहेत; पण मधल्याच कुठल्या तरी विचित्र मांडणीपासून विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. मंकला (खळग्यांत बिया टाकत खेळायच्या खेळांच्या) घराण्यातला अवारी हा खेळ मात्र आरपार सोडवला आहे. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जॉन रोमाइन आणि हेन्री बाल यांनी २००२ मध्ये १४४ प्रोसेसर ५१ तास चालवून ८८,९०६ कोटी मांडण्यांपैकी प्रत्येकीचा निकाल काढला. तिथेही बरोबरीच.

मांडण्यांचं माप किती फसवं असू शकतं याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण गोमोकूचं. १५ बाय १५ च्या पटावर सलग पाच खडे लावायचे. मांडण्या एकावर १०५ शून्यं, म्हणजे बुद्धिबळाला कितीतरी मागे टाकणाऱ्या. तरीही अ‍ॅलिस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध केलं की पहिला खेळाडू जिंकतो. चेकर्सच्या आधी जवळपास पंधरा वर्षं! कारण गोमोकूत एकाने तीन-चार खडे रांगेत लावले की दुसऱ्याला तिथेच अडवावं लागतं. धमकी, अडवणूक, धमकी, अडवणूक. समोरच्याला पर्यायच उरत नाही आणि झाडाच्या जवळजवळ सगळ्या फांद्या आपोआप गळतात.

सिद्धांतवाल्यांचं माप आणखी वेगळं. ते ८ बाय ८ पाहतच नाहीत. पट कितीही मोठा करत नेला तर काम कोणत्या गतीने वाढतं, हे ते विचारतात. बुद्धिबळ घातांकी वेळेच्या वर्गात, म्हणजे पट वाढवला की काम पटीपटीने वाढतं अशा खेळांत, बसतं हे फ्रेंकेल आणि लिख्टेनस्टाइन यांनी १९८१ मध्ये दाखवलं. जपानी नियमांचा गो १९८३ मध्ये आणि चेकर्स १९८४ मध्ये जे. एम. रॉबसन यांनी त्याच वर्गात नेऊन बसवला. या मोजपट्टीवर चेकर्स, बुद्धिबळ आणि गो एकाच ओळीत उभे राहतात! ऑथेल्लो, हेक्स आणि गोमोकू दुसऱ्या वर्गात. ज्यांनी फक्त शून्यं मोजली आहेत त्यांना हे पचायला जड जातं, पण प्रश्न बदलला की क्रम बदलणारच.

आणि गो? तिथे खरी अडचण होती ती मूल्यमापनाची. बुद्धिबळात वजीर गेला की तोटा झाला एवढं तरी एका ओळीच्या कोडमध्ये सांगता येतं. गोमध्ये एका खड्याची किंमत आसपासच्या पन्नास खड्यांवर ठरते आणि ती नियमांत लिहून काढायला कुणालाच जमलं नाही. मार्च २०१६ मध्ये सोलला गूगल डीपमाइंडच्या अल्फागो प्रोग्रॅमने गोचे अव्वल खेळाडू ली सेडोल यांना ४-१ हरवलं, ते न्यूरल नेटवर्कला ती किंमत स्वतः शिकायला लावून. अल्फागो घडवणाऱ्या गटातले डेव्हिड सिल्व्हर यांची पीएचडी अल्बर्टा विद्यापीठाची, आणि आजा हुआंग यांनीही तिथे काही काळ काम केलं. चेकर्सच्या निबंधाचे एक सहलेखक मार्टिन म्युलर हे त्याच विद्यापीठातले गोचे अभ्यासक. म्हणजे एका खेळाचा निकाल लागला ते घर आणि दुसऱ्यात यंत्र माणसाच्या पुढे गेलं त्यातली माणसं, एकाच अंगणातली.

अल्फागो जिंकला म्हणून गो सुटला नाही. ५ बाय ५ च्या इवल्या पटावरचा गो २००२ मध्ये सुटला. १९ बाय १९ चा पट त्या अर्थाने अस्पर्श आहे. बुद्धिबळाचंही तेच. आज फोनवरचा प्रोग्रॅम कोणत्याही ग्रँडमास्टरला भारी पडतो, पण सुरुवातीच्या मांडणीचा निकाल काय हे कोणीही सिद्ध केलेलं नाही. चेकर्समध्ये या दोन गोष्टींमध्ये १२-१३ वर्षं गेली. बुद्धिबळात ते अंतर भरून निघेल याची चिन्हं मला दिसत नाहीत.

आता लंडनच्या त्या ३३ बरोबऱ्यांकडे परत येतो. २००७ चा निकाल कळल्यावर अनेकांनी म्हटलं की टिन्सली आणि चिनूक बिनचूक खेळत होते, म्हणून बरोबरी होत होती. हे अर्धंच खरं. जेतेपदाच्या सामन्यांत पहिल्या तीन चाली खेळाडू निवडत नाहीत, त्या चिठ्ठीने ठरतात. असे सुमारे दीडशे प्रारंभ स्पर्धेत वापरले जातात आणि त्यातले काही एका बाजूला चांगलेच जड असतात. पुराव्यासाठी १९ पुरले; बाकीच्यांतले बरेचसे त्यात तपासावेच लागले नाहीत. टिन्सलींनी अशा जड प्रारंभांतूनही चिनूकला रोखून धरलं होतं, हातात कागद नाही, डेटाबेस नाही, समोर फक्त ३२ घरं.